शिडाच्या छोट्या आलिशान जहाजावरची सफर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिडाच्या जहाजावर सुट्टी घालवायचा विचार डोक्यात आला की आधी फोटो बघितले जातात आणि मग प्रश्न सुरू होतात. नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही ठिकाणी माझं स्वतःचं मत आहे, तिथे ते आडपडदा न ठेवता सांगितलं आहे.

छोटं म्हणजे नेमकं किती छोटं?

इथे नियमच रेषा आखून देतात. सोलास या आंतरराष्ट्रीय सुरक्षा करारानुसार बारापेक्षा जास्त प्रवासी नेणारं जहाज ‘प्रवासी जहाज’ धरलं जातं आणि त्याला बरेच कडक नियम लागू होतात. म्हणून भाड्याने मिळणाऱ्या खासगी यॉटवर, ती कितीही मोठी असली तरी, बहुतेक वेळा बाराच पाहुणे घेतात. तेरा ते छत्तीस पाहुण्यांच्या यॉटसाठी २०१० पासून वेगळी नियमावली आहे. त्याच्या वर गेलात की तुम्ही शिडाच्या क्रूझ जहाजांच्या जगात येता.

त्यातही बराच फरक आहे. ‘ल पोनां’ हे तीन डोलकाठ्यांचं फ्रेंच जहाज १९९१ मध्ये बांधलं गेलं. २०२२ च्या नूतनीकरणानंतर त्यावर फक्त ३२ पाहुणे राहतात. ‘सी क्लाउड’वर ६४ पाहुणे आणि त्यांच्या दिमतीला जवळपास तितकेच कर्मचारी असतात. ‘विंड स्टार’ आणि ‘विंड स्पिरिट’वर प्रत्येकी १४८, तर ‘रॉयल क्लिपर’वर २२७. आजची अजस्र क्रूझ जहाजं सात हजारांवर प्रवासी नेऊ शकतात, तेव्हा २२७ सुद्धा छोटंच म्हणायचं. पण तीस माणसांत आणि सव्वादोनशे माणसांत राहण्याचा अनुभव अगदी वेगळा असतो. पहिल्या प्रकारात दुसऱ्या दिवशी सगळे एकमेकांना नावाने ओळखतात. ते तुम्हाला आवडेल की नाही, हा प्रश्न आधी स्वतःला विचारा. आठवडाभर त्याच माणसांबरोबर जेवायचं असतं.

शिडं खरंच वापरतात, की फोटोपुरती?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि तो फार कमी लोक विचारतात.

या सगळ्या जहाजांना इंजिन असतं आणि ते भरपूर वापरलं जातं. याचं कारण वेळापत्रक. सकाळी आठला अमुक बेटावर पोहोचायचं ठरलेलं असतं. वाऱ्याला ते वेळापत्रक माहीत नसतं. कुठलंही शिडाचं जहाज थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. लांबीच्या दिशेने लावलेली शिडं असतील तर जहाज वाऱ्याच्या दिशेशी साधारण ४५ अंशांपर्यंत कोन करून जाऊ शकतं. जुन्या पद्धतीची आडवी चौकोनी शिडं असतील तर ६५-७० अंशांच्या आत जाणं जमत नाही. वारा समोरून असेल तर नागमोडी जावं लागतं.

याचा हिशेब करून बघा. मुक्काम ६० सागरी मैलांवर आहे आणि वारा नेमका तिकडूनच येतोय. ४५ अंशांनी नागमोडी गेलं तर ८५ मैल पडतात. चौकोनी शिडांनी ६७ अंशांवर गेलं तर दीडशेच्या वर. ताशी आठ मैलांच्या वेगाने, म्हणजे आठ नॉटने, सरळ अंतराला साडेसात तास लागतात, पहिल्या नागमोडीला साडेदहा आणि दुसऱ्या नागमोडीला एकोणीस-वीस. कुठलाही कप्तान अशा वेळी इंजिन सुरू करणार, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

चूक असते ती जाहिरातीत. शिडं उघडलेली आहेत, खालून इंजिन घुरघुरतंय आणि पाहुणे ‘आपण वाऱ्यावर चाललोय’ म्हणून फोटो काढतायत, असं सर्रास चालतं. म्हणून आरक्षणाआधी लेखी विचारा: या मार्गावर, या महिन्यात, इंजिन पूर्ण बंद ठेवून रोज सरासरी किती तास जातात? उत्तरात आकडा आला तर ती मंडळी प्रामाणिक. ‘हवामानावर अवलंबून असतं’ एवढंच आलं तर पुन्हा विचारा. ते खरं असतं, पण मागच्या मोसमाची नोंद जहाजाच्या दैनंदिनीत असतेच.

दुसरी खूण कार्यक्रमपत्रिकेत सापडते. सात रात्रींत सात बंदरं असतील तर शिडांना वेळ मिळणार नाही. एखादा अख्खा दिवस समुद्रावर ठेवलेला असेल तर आशा आहे.

शिडं कोण उभारतं? आपल्याला हात लावू देतात का?

जहाजावर अवलंबून आहे. ‘विंड स्टार’सारख्या जहाजांवर शिडं यंत्राने उलगडतात. ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवायच्या कक्षातून, कळ दाबली की काही मिनिटांत सहाही शिडं बाहेर येतात आणि संगणक ती वाऱ्याप्रमाणे जुळवत राहतो. सोयीचं आहे, पण बघण्यासारखं फारसं काही नाही.

‘सी क्लाउड’वर याच्या अगदी उलट. खलाशी दोरांच्या जाळीवरून वर चढतात, आडव्या काठ्यांवर ओळीने पसरतात आणि बांधलेलं कापड हातांनी सोडतात. खाली डेकवर दुसरी तुकडी दोर ओढत असते. शीड सुटतं तेव्हा आधी ते सैल फडफडतं आणि त्याचा आवाज इतका मोठा असतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग दोर ताणला जातो, कापडात वारा भरतो आणि फडफड एकदम थांबते. सगळी शिडं चढायला बराच वेळ लागतो. तेवढ्यात डेकवर गप्पा बंद पडतात, सगळे वर बघत बसतात.

‘स्टार क्लिपर’, ‘रॉयल क्लिपर’ या जहाजांवर हौशी पाहुण्यांना दोर ओढायला बोलावतात. हातांना सवय नसेल तर जपून. दोर निसटताना तळवा सोलवटतो. आणि हातातला दोर कधीही मनगटाभोवती गुंडाळू नका, कोणी सांगितलं तरी.

डोलकाठीवर चढता येतं का?

काही जहाजांवर, हवामान शांत असताना, सुरक्षापट्टा बांधून पहिल्या मचाणापर्यंत चढू देतात. जहाजाच्या पुढे आलेल्या काठीखाली जाळं असतं, त्यात पडून राहायलाही मिळतं. खाली पाणी कापत जाणारं टोक आणि नशीब असेल तर डॉल्फिन. मला विचाराल तर डोलकाठीपेक्षा जाळं जास्त आनंद देतं.

बोट लागेल का?

लागू शकते. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांना बोट लागण्याची शक्यता जास्त, पण हा नियम पक्का नाही.

एक गोष्ट मात्र बहुतेकांना उलटी वाटते. शिडं लावून चाललेलं जहाज इंजिनवर चाललेल्या तेवढ्याच जहाजापेक्षा सहसा जास्त स्थिर असतं. वारा शिडांवर एका बाजूने दाब ठेवतो, त्यामुळे जहाज एका अंगाला कलतं आणि तसंच राहतं. डावीकडून उजवीकडे सतत डुलणं कमी होतं. कललेल्या जमिनीवर चालायची सवय दिवसभरात होते, डुलणं मात्र पोट ढवळतं. उघड्या खाडीत नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजावर, शिडं उतरवलेली असताना बाजूने येणाऱ्या संथ लाटा सगळ्यात जास्त त्रास देतात. तिथे रात्र काढायची असेल तर गोळी जेवणाआधी घ्या.

गोळ्यांबद्दल: त्रास सुरू झाल्यावर घेतलेली गोळी फारशी उपयोगी पडत नाही, आधी घ्यावी लागते. मेक्लिझिन आणि सिनॅरिझिन ही नेहमीची नावं, दोन्हींनी झोप येते. कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी साधारण तीन दिवस चालते, पण ती काही तास आधी लावावी लागते. काचबिंदूचा त्रास असणाऱ्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, आणि पट्टीला हात लावून तोच डोळ्याला लावू नये. एकूणच डॉक्टरांशी आधी बोलून घ्या, विशेषतः रक्तदाबाची किंवा इतर औषधं चालू असतील तर.

औषधाशिवायचे उपाय जुनेच आहेत आणि ते चालतात. मोकळ्या हवेत या, क्षितिजाकडे बघा, पोट रिकामं ठेवू नका, फोन बाजूला ठेवा. केबिनमध्ये पडून छताकडे बघत राहिलात तर त्रास वाढतो. पडायचंच असेल तर डोळे मिटून पडा. शक्य असेल तर सुकाणू हातात मागा. सुकाणू धरलेल्या माणसाला सहसा बोट लागत नाही, कारण जहाज आता कुठे वळणार हे त्याच्या शरीराला आधीच कळलेलं असतं.

जहाज इतकं कलतं, उलटणार नाही ना?

पाहुण्यांच्या जहाजावर कप्तान मुद्दाम कमी शिडं लावून कल बेताचा ठेवतो, नाहीतर जेवणाची ताटं टेबलावरून घसरतात. तळाशी भरपूर वजन असतं, ते वजनच कललेल्या जहाजाला पुन्हा सरळ करतं. रोजच्या वाऱ्यात काळजीचं कारण नाही.

पण धोका अजिबात नाही असं सांगणं खोटं ठरेल. १९ ऑगस्ट २०२४ च्या पहाटे सिसिलीच्या किनाऱ्याजवळ नांगर टाकून उभी असलेली ५६ मीटरची ‘बेझियन’ ही आलिशान यॉट वादळी झोताने उलटून बुडाली. जहाजावरच्या बावीस जणांपैकी सात जण गेले. ब्रिटिश तपास संस्थेच्या प्राथमिक अहवालानुसार शिडं उतरवलेली आणि पाण्याखालचा सरकता कणा वर घेतलेला असताना, बाजूने ६३ नॉटपेक्षा थोडा जास्त वारा तिला आडवी करायला पुरेसा होता. ही मर्यादा जहाजावरच्या स्थैर्याच्या पुस्तिकेत नोंदलेली नव्हती.

त्याआधीची मोठी दुर्घटना ऑक्टोबर १९९८ ची. ‘फँटम’ या चार डोलकाठ्यांच्या क्रूझ जहाजाने मिच चक्रीवादळ येतंय म्हणून प्रवाशांना बेलीझमध्ये उतरवलं आणि ते वादळापासून दूर पळायला निघालं. वादळाने दिशा बदलली. जहाज ३१ कर्मचाऱ्यांसह नाहीसं झालं. प्रवासी वाचले, कारण निर्णय वेळेत झाला होता. कर्मचाऱ्यांसाठी तो पुरला नाही.

यातून पाहुण्याने काय घ्यायचं? वादळाच्या मोसमात वादळाच्या प्रदेशात स्वस्त मिळतंय म्हणून जाऊ नये. पहिल्या दिवशीची सुरक्षा कवायत कंटाळवाणी वाटली तरी आपल्या केबिनपासून डेकपर्यंतचा रस्ता अंधारात सापडेल का, हे एकदा चालून बघावं. आणि खराब हवामानाचा इशारा असताना केबिनची खिडकी बंद ठेवायला सांगितलं तर बंद ठेवावी.

समुद्री चाच्यांचं काय?

नेहमीच्या पर्यटन मार्गांवर हा प्रश्न सहसा येत नाही. एप्रिल २००८ मध्ये ‘ल पोनां’ एडनच्या आखातात सोमाली चाच्यांनी पकडलं होतं, पण तेव्हा त्यावर प्रवासी नव्हते, फक्त तीस कर्मचारी होते. आठवड्याभरात सगळे सुटले.

ऐतिहासिक म्हणावं असं कुठलं जहाज आहे का?

‘सी क्लाउड’. तिची गोष्ट सांगताना मी थोडा वाहवत जातो, तेवढं चालवून घ्या.

१९३१ मध्ये जर्मनीतल्या कील इथे, ‘हुसार’ या नावाने, ही चार डोलकाठ्यांची खासगी यॉट बांधली गेली. मालक होते अमेरिकी शेअर दलाल ई. एफ. हटन आणि त्यांची पत्नी मार्जरी मेरीवेदर पोस्ट. पोस्ट बाईंनी ब्रुकलिनमध्ये एक गोदाम भाड्याने घेऊन त्याच्या जमिनीवर जहाजाच्या अंतर्भागाचा खऱ्या मापाचा आराखडा आखला आणि कुठली खुर्ची कुठे बसेल इथपर्यंत ठरवलं. त्यांच्या शयनकक्षात संगमरवरी शेकोटी आहे. जहाजावर शेकोटी! घटस्फोटानंतर यॉट त्यांच्याकडे राहिली आणि तिचं नाव ‘सी क्लाउड’ झालं. पुढचे पती जोसेफ डेव्हिस मॉस्कोत अमेरिकेचे राजदूत झाले, तेव्हा ती लेनिनग्राडला नांगरून होती.

दुसऱ्या महायुद्धात तिच्या डोलकाठ्या काढल्या गेल्या आणि ती अमेरिकी तटरक्षक दलासाठी हवामानाच्या नोंदी घेऊ लागली. कार्ल्टन स्किनर या अधिकाऱ्याने तिच्यावर गोरे आणि कृष्णवर्णीय खलाशी बरोबरीने नेमले. अमेरिकी सैन्यात वर्णभेद अधिकृतपणे चालू असताना झालेला हा प्रयोग होता. १९५५ मध्ये ती डॉमिनिकन हुकूमशहा त्रुहियो याच्याकडे गेली. नंतर बरीच वर्षं ती बंदरात कुजत पडली. १९७८ मध्ये जर्मन खरेदीदारांनी ती घेऊन दुरुस्त केली आणि पुढच्या वर्षापासून ती पाहुण्यांसाठी फिरू लागली. मूळ केबिन आजही भाड्याने मिळतात, पण त्या सगळ्यात आधी भरतात. बाकीच्या केबिन नंतर बांधलेल्या आहेत आणि आकाराने साध्या आहेत. पैसे भरण्याआधी आपल्याला कुठली मिळतेय ते बघून घ्या.

केबिन कुठली घ्यावी?

मधली आणि खालच्या बाजूची. हेलकावे तिथे सगळ्यात कमी लागतात. सुंदर दृश्य असलेली वरची, अगदी पुढची किंवा अगदी मागची केबिन जास्त पैसे घेऊन जास्त हलते.

पुढच्या केबिनला आणखी एक त्रास आहे. नांगराची साखळी. जहाज पहाटे खाडीत शिरलं आणि नांगर सुटला की डोक्यापाशी लोखंडी कड्यांचा असा खडखडाट होतो की झोप परत येत नाही. मागच्या बाजूला छोट्या होड्या उतरवायची यंत्रणा आणि बऱ्याचदा जनित्र असतं. जहाजाचा नकाशा मागवा आणि आपल्या केबिनच्या वर, खाली, शेजारी काय आहे ते बघा. वरती बार असेल तर मग बोलायलाच नको.

खालच्या केबिनला गोल खिडकी असते. जहाज त्या बाजूला कललं की ती पाण्याखाली जाते आणि कपडे धुण्याच्या यंत्राच्या दारातून बघितल्यासारखा हिरवा-पांढरा फेस फिरताना दिसतो. काहींना मजा वाटते, काहींचा जीव घाबरतो. कल कुठल्या बाजूला असेल याचा अंदाज बांधता येतो. पूर्व कॅरिबियनमध्ये वारा पूर्वेकडून येतो, त्यामुळे उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारं जहाज पश्चिमेकडे, म्हणजे उजव्या अंगाला कलतं. परतीच्या मार्गावर डाव्या.

कुठे आणि कधी जावं?

ज्यांना खरोखर वाऱ्यावर जायचं आहे त्यांच्यासाठी माझी पहिली पसंती पूर्व कॅरिबियन, डिसेंबर ते एप्रिल. कारण साधं आहे. बेटांची रांग उत्तर-दक्षिण पसरलेली, व्यापारी वारे पूर्वेकडून. म्हणजे जाताना आणि येताना दोन्ही वेळा वारा बाजूने मिळतो, आणि शिडाच्या जहाजाला बाजूचा वारा सगळ्यात मानवतो. हिवाळ्यात हे वारे रोज १५ ते २० नॉटने वाहतात. १ जून ते ३० नोव्हेंबर हा तिथला अधिकृत चक्रीवादळांचा मोसम, त्या काळात बहुतेक जहाजं तिथून निघून गेलेली असतात.

भूमध्य समुद्र मे ते ऑक्टोबर. तिथे दृश्यं, बंदरं, अवशेष सगळं आहे, पण वारा लहरी. एक तर नसतो, नाहीतर अंगावर येतो. एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेलटेमी नावाचा वारा वाहतो आणि आकाश निरभ्र असताना वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या बोफोर्ट मापनावर सहा-सातपर्यंत, म्हणजे बावीस ते तेहतीस नॉटपर्यंत जातो. तेव्हा एकाच सफरीच्या दोन दिशांपैकी निवड करायची झाली तर उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारी घ्या. उलट दिशेच्या पाहुण्यांना तोच मार्ग इंजिनवर, लाटा समोरून घेत पार करावा लागतो. याबद्दल जाहिरातीत एक ओळ नसते. लहरी वाऱ्याचा त्रास नको असेल तर जून किंवा सप्टेंबर बघा.

छोट्या जहाजाचा खरा फायदा भूमध्य समुद्रातच कळतो. ग्रीसमधला कोरिंथचा कालवा १८९३ मध्ये खुला झाला. त्याची लांबी सहा किलोमीटरच्या थोडी वर आणि तळाशी रुंदी जेमतेम एकवीस मीटर. मोठी क्रूझ जहाजं पेलोपोनीज या ग्रीसच्या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पाला वळसा घालून जातात, छोटं जहाज दोन्ही बाजूंच्या उभ्या कड्यांमधून सरकतं. दरडींमुळे कालवा मधूनमधून बंद असतो, तेव्हा तो चालू आहे का ते आधी विचारा. पाण्याखालचं बूड फार खोल नसल्यामुळे ही जहाजं लहान बंदरांत आणि उथळ खाड्यांतही शिरतात.

तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरच्या गुलेत नावाच्या लाकडी बोटी देखण्या आणि आरामशीर असतात, पण शिडांसाठी म्हणून जात असाल तर बघून घ्या. बऱ्याच गुलेतांची शिडं क्वचितच बाहेर निघतात.

ठरलेलं बंदर चुकलं तर पैसे परत मिळतात का?

बहुधा नाही. करारात स्पष्ट लिहिलेलं असतं की सुरक्षिततेसाठी मार्ग बदलण्याचा अधिकार कप्तानाचा. शिडाच्या छोट्या जहाजाच्या बाबतीत हे कलम कोपऱ्यातलं नाही, ते रोजचं आहे. एखादं विशिष्ट बेट बघायचंच म्हणून चालला असाल तर तिथे विमानाने किंवा फेरीबोटीने जा. जहाजावर जहाजासाठी जायचं.

आणि विमान जहाज सुटायच्या दिवशी पोहोचणारं कधीही घेऊ नका, एक दिवस आधीचं घ्या. सामान मागे राहिलं तर पुढच्या बंदरावर ते येईलच असं नसतं, कारण पुढचं ‘बंदर’ म्हणजे कदाचित एक निर्मनुष्य खाडी असते.

तिकिटात काय धरलेलं असतं?

केबिन आरक्षित करणार असाल तर राहणं, जेवण, पाण्यातले खेळ आणि बंदर कर बहुधा आत. मद्य, किनाऱ्यावरच्या सहली, बक्षिसी कधी आत, कधी बाहेर. दोन कंपन्यांची तुलना करताना वरवरचा दर बघू नका, या तीन गोष्टी मिळवून बघा. एकट्याने जाणार असाल तर केबिनसाठी जादा आकार लागतो. दिवस जवळ आले आणि केबिन रिकामी असेल तर तो कमी होऊ शकतो, तेव्हा विचारायला लाजू नका.

अख्खी यॉट भाड्याने घेतलीत तर गणित वेगळं. भाडं म्हणजे फक्त यॉट आणि कर्मचारी. इंधन, जेवणाचं सामान, पेय, बंदराचं शुल्क यासाठी भाड्याच्या साधारण तीस टक्के रक्कम आगाऊ कप्तानाकडे द्यावी लागते. तो त्यातून खर्च करतो, हिशेब ठेवतो आणि शेवटी उरलेलं परत देतो किंवा कमी पडलेलं मागतो. मधेच एकदा हिशेब बघायला मागणं रीतीला धरून आहे, त्याचं कोणी वाईट वाटून घेत नाही. बक्षिसी याच्या वर.

जहाजावर डॉक्टर असतो का?

आंतरराष्ट्रीय श्रम करारानुसार शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या आणि तीन दिवसांपेक्षा लांब आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या जहाजावर डॉक्टर बंधनकारक आहे. त्याहून छोट्या जहाजावर डॉक्टर असेलच असं नाही. कर्मचाऱ्यांपैकी कोणी वैद्यकीय प्रशिक्षण घेतलेला असतो आणि तो उपग्रहावरून किनाऱ्यावरच्या डॉक्टरांचा सल्ला घेतो. हृदयविकार, मधुमेहावरचं इन्सुलिन, अशी काही गरज असेल तर हे आधी विचारा. विम्यात समुद्रातून हेलिकॉप्टर किंवा बोटीने हलवण्याचा खर्च स्पष्ट शब्दांत हवा. गर्भवतींना २४ आठवड्यांनंतर बऱ्याच कंपन्या घेत नाहीत.

वयस्कर आई-वडील, लहान मुलं?

वय आड येत नाही, गुडघे येतात. अनेक शिडांच्या जहाजांवर लिफ्ट नसते, जिने उभे असतात, दारांना उंच उंबरे असतात. किनाऱ्यावर जायचं तर हलत्या छोट्या होडीत पाय टाकावा लागतो आणि कधी गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. घरातले वडीलधारे आधाराशिवाय एक मजला चढू-उतरू शकत असतील तर अडचण नाही. चाकाच्या खुर्चीशिवाय चालत नसेल तर मोठं जहाज घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

मुलांसाठी वेगळी खोली, खेळघर, सांभाळणारी माणसं असं इथे काही नसतं. पोहता येणारी, दहाच्या पुढची मुलं मजा करतात. रांगणारं किंवा नुकतंच चालू लागलेलं मूल घेऊन जाणं म्हणजे आई-वडिलांनी आळीपाळीने पहारा करणं.

जेवणाची पथ्यं पाळतात का?

हो, पण लेखी आणि काही आठवडे आधी कळवलं तर. स्वयंपाकघर लहान, साठा निघतानाच भरलेला. समुद्रात गेल्यावर सांगितलेल्या पथ्याला आचारी बिचारा फक्त उकडलेल्या भाज्या देऊ शकतो.

सामान काय न्यावं?

मऊ पिशवी. कडक सूटकेस ठेवायला यॉटवर जागा नसते. रबरी तळव्याचे, डेकवर डाग न पाडणारे बूट. बऱ्याच यॉटवर सागवानी डेकवर अनवाणीच चालायचं असतं, तेव्हा उंच टाचा घरीच. वारा न शिरणारं जाकीट उन्हाळ्यातही लागतं, कारण रात्री डेकवर वारा सतत असतो. टोपीला हनुवटीखाली बांधायची दोरी असू द्या. चष्म्यालाही. औषधं हातातल्या पिशवीत, दोन-तीन दिवसांची जास्त.

व्हिसा कुठला?

जहाज थांबणार त्या प्रत्येक देशाचा नियम तपासा. युरोपात एक सापळा आहे. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, मॉन्टेनेग्रो नाही. ग्रीस आहे, तुर्कस्तान नाही. म्हणजे मधे एक दिवस बाहेर जाऊन परत आलात की एकदाच प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा संपला. अनेक प्रवेशांचा घ्या.

इंटरनेट?

उपग्रहामुळे आता ठीक असतं. उंच कड्यांच्या खाडीत तुटतं.

वाऱ्यावर चालतं म्हणजे पर्यावरणाला त्रास नाही, हे खरं का?

अर्धवट. इंजिन बंद असतानाही दिवे, वातानुकूलन, गोडं पाणी बनवणारी यंत्रं जनित्रावर चालतात. प्रति माणशी जागा आणि सुखसोयी जास्त, म्हणून प्रति माणशी इंधनही कमी असेलच असं नाही. प्लास्टिक समुद्रात टाकायला जगात कुठेही बंदी आहे. सांडपाण्याला किनाऱ्यापासून अंतराचे नियम आहेत. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो नांगर. भूमध्य समुद्राच्या तळाशी पोसिडोनिया नावाच्या वनस्पतीची कुरणं आहेत. ती अतिशय हळू वाढतात आणि नांगराच्या एका साखळीने उपटली जातात. स्पेनच्या बॅलिआरिक बेटांनी २०१८ मध्ये त्यांच्यावर नांगर टाकायला बंदी घातली. कंपनीला विचारायचंच असेल तर ‘तुम्ही हिरवे आहात का’ असं न विचारता ‘नांगर वाळूत टाकता का, आणि मागच्या मोसमात किती इंधन जाळलं’ असं विचारा.

नुसताच समुद्र ओलांडणारी सफर कशी असते?

मोसम बदलताना जहाजं भूमध्य समुद्रातून कॅरिबियनकडे जातात आणि वसंतात परत येतात. या फेऱ्या आठवड्याच्या सफरींपेक्षा दिवसाला बऱ्याच स्वस्त पडतात आणि शिडं सगळ्यात जास्त इथेच चालतात. पश्चिमेकडे जाणारी घ्या. कॅनरी बेटांपासून कॅरिबियनपर्यंतच्या सुमारे २,७०० सागरी मैलांत वारा पाठीशी असतो आणि साधारण दोन आठवडे लागतात. दर काही दिवसांनी घड्याळ एक तास मागे जातं, त्यामुळे झोप भरपूर होते. वसंतातली परतीची फेरी जास्त थंड, जास्त खवळलेली आणि बरीचशी इंजिनवर असते.

बंदर नाही, खरेदी नाही, बघायला पाणी. ज्यांना दुसऱ्याच दिवशी ‘आता काय करायचं’ असं होतं त्यांनी या वाटेला जाऊ नये. बाकीच्यांनी जाड पुस्तकं न्यावीत आणि रात्रीच्या पाळीच्या अधिकाऱ्याला ब्रिजवर यायची परवानगी मागावी. हवामान चांगलं असेल तर बहुतेक जण हो म्हणतात.